सूचना : तळ्यावरचा सौर एरेटर आणि ढगाळ दिवस

सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

आपल्या तळ्यातला एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, सौर पॅनलच्या विजेवर चालतो. आता ढगाळ दिवस सुरू झाले आहेत. अशा दिवसांत पाण्यातलं शेवाळ प्राणवायू कमी तयार करतं आणि नेमकी तेव्हाच पॅनलवर वीजही कमी बनते. म्हणजे दोन्ही बाजूंनी ताण. प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवण्याआधी. म्हणून बॅटरीतली वीज पहाटे २ ते ६ एरेटर चालवण्यासाठी राखून ठेवायची. संध्याकाळी त्यावर दिवे किंवा मोबाइल चार्जिंग कृपया लावू नका, मासळी आपल्या सगळ्यांची आहे.

पहाटपाळीवाल्यांनी पाण्याकडे नीट बघावं. कटला, रोहू वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की एरेटर लगेच चालू करावा, त्या दिवशी खाद्य बंद ठेवावं आणि गटावर कळवावं. एरवीही आभाळ भरलेलं असेल तर खाद्य निम्मंच टाकावं.

पॅनल सकाळी थंड असतानाच साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसावेत. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं पाणी अजिबात नको.

रविवारी सकाळी ७ वाजता तळ्यावर जमू. पुढच्या महिन्याच्या पाळ्या तिथेच ठरवू.

— सचिव