कार्डावर दाढ भरूनही मिळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कोरेगावात (जि. सातारा) एका दंतवैद्यांकडे २१ वर्षे मदतनीस म्हणून काम करते. हत्यारे उकळणे, दाढेत भरायचे सिमेंट कालवणे, रडणाऱ्या पोराचा हात धरून उभे राहणे ही माझी कामे. शिक्षण बारावी. पण किडलेल्या दाढेचे गरिबाच्या घरी काय होते, ते रोज बघते, म्हणून लिहिते आहे.

मे महिन्यात एक बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. आले धुण्याच्या कामावर जातात, रोज ३०० रुपये. शाळेत तपासणीला आलेल्या पथकाने दाढा भरून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "ताई, ह्या कार्डावर दाढ भरून मिळंल का?" मी नाही म्हटले. आमच्याकडे एका दाढेचे ६०० रुपये होतात, दोन दाढा होत्या. त्या सरकारी दवाखान्यात बघते म्हणून गेल्या.

आठ दिवसांनी परत आल्या तेव्हा मुलीच्या खालच्या उजव्या बाजूला दाढेच्या जागी खड्डा होता. तिथे भरायचे सामान संपले होते, म्हणून काढून दिली. बाई मला समजावत होत्या, "दुधाचीच हाय, परत यील की." ती दुधाची नव्हती. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते, गेली की गेली. पहिल्या खेपेला हे मी त्या बाईंना सांगायला हवे होते. कार्डाचे बोलण्यात राहून गेले. ते मला अजून लागते.

ज्या डॉक्टरांनी दाढ काढली त्यांना मी दोष देत नाही. बाहेर रांग, हातात सामान नाही, समोर पोर कळवळतेय, अशा वेळी दुखणे थांबवायचा तोच एक मार्ग उरतो. पण सामान का नसावे? आपल्या जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, अपघातात जबडा मोडला तर शस्त्रक्रिया त्यात बसते. दाढ भरायला मात्र कोणी दवाखान्यात दाखल होत नाही, आणि ही योजना मुळात दाखल होणाऱ्या रुग्णासाठी. म्हणून अर्ध्या तासाचे साधे काम कार्डाबाहेर राहते. किडलेली नस सडून गालावर सूज येईपर्यंत वाट पाहायची का?

दाढेत भरायच्या मसाल्याबद्दलही सांगते, कारण लोक विचारतात. मी कामाला लागले तेव्हा चांदी भरायचे. खलात चांदी-कथलाची पूड आणि पारा घोटायचा, मग फडक्यात धरून पिळायचा; जास्तीचा पारा टपकन खाली पडून मण्यासारखा पळायचा, तो मी कागदाच्या कडेने गोळा करायचे. थोरल्याच्या वेळी सात महिने होईपर्यंत मी हेच करत होते. त्या भरणात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, हे मला फार उशिरा कळले. पाऱ्याविषयीच्या मिनामाटा करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले, आणि २०२२ च्या दुरुस्तीत दुधाचे दात, १५ वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांच्यासाठी चांदी टाळायचे ठरले. ज्यांच्या दाढेत आधीच चांदी आहे त्यांनी घाबरून ती उकरून काढू नये. चांगली बसलेली असेल तर राहू द्यावी.

दातासारख्या रंगाचा कंपोझिट छान दिसतो, मजबूतही असतो. पण त्याला दाढ कोरडी ठक्क लागते, निळा दिवा लागतो, वेळ लागतो आणि पैसे लागतात. मधला मार्ग म्हणजे ग्लास आयोनोमर, ज्याला आम्ही नुसते सिमेंट म्हणतो. पावडर आणि लिक्विड कागदी पॅडवर कालवायचे आणि त्याची चकाकी जायच्या आत दाढेत दाबायचे. चकाकी गेली की ते धरत नाही, टाकून द्यावे लागते. ते दाताला स्वतःहून चिकटते, त्यातून फ्लोराइड पाझरत राहते. हत्याराने कीड खरवडून वीज नसतानाही भरता येते. दोन दाढांच्या मधल्या मोठ्या खड्ड्यात ते झिजते, तुटते, हे खरे. पण लहान पोरांच्या सुरुवातीच्या किडीला ते पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले.

म्हणून माझे मागणे एवढेच, की १५ वर्षांखालच्या मुलांची दाढ भरण्याचे काम दाखल न होता कार्डावर घ्यावे, आणि शाळेत चिठ्ठी मिळालेले पोर जिथे पाठवतात तिथे सिमेंट शिल्लक असल्याशिवाय चिठ्ठी देऊ नये. दाढेत काय भरले ते केस पेपरवर मराठीत लिहावे. गरिबाला ते विचारायचा धीर होत नाही, आणि पुढच्या डॉक्टरला कळायला मार्ग नसतो.

त्या मुलीची डावी दाढ आमच्या डॉक्टरांनी सिमेंटने भरली. बाईंनी २०० रुपये दिले, उरलेले दिवाळीपर्यंत देते म्हणाल्या. जाताना मुलीने आरशात तोंड उघडून दोन्ही बाजू बघितल्या आणि मला विचारले, "ही तरी ऱ्हाईल ना?"

आपली,
एक दंत मदतनीस
कोरेगाव, जि. सातारा