आजीला उलटं वाचता यायचं

पुणे,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तेरावा झाला. आज सकाळी मांडववाला खुर्च्या न्यायला आला तर दोन कमी भरल्या. बाबा आणि तो खाली अजून मोजतायत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुला लिहायला बसलेय. रोज फोन होतोच, पण परवा तू रडत रडत म्हणालीस ना, "आजीनं स्वतःसाठी आयुष्यात काही केलंच नाही गं," त्याचं उत्तर फोनवर देता येईना. तुला वेळेवर तिकीट मिळालं नाही, वैकुंठ स्मशानात तू नव्हतीस, त्याची टोचणी मला कळते. पण त्या टोचणीपायी आजीचा देव्हाऱ्यातला फोटो करू नकोस.

ते काम काल इथे बऱ्याच जणांनी केलं. जो तो उठून "त्यागमूर्ती" म्हणत होता. एक काका म्हणाले, "वहिनी चंदनासारख्या झिजल्या." आजीनं ऐकलं असतं तर विचारलं असतं, अहो, पण उगाळलं कुणी?

तू तिला "अगं आजी" म्हणायचीस, मी एकतीस वर्षं "अहो आई". या पत्रात तुझीच आजी लिहिते, म्हणून "ती" म्हणते. सासूला असं म्हणायला हात जरा अडखळतो, पण होईल सवय.

तुला आठवतं? तुझं प्रगतिपुस्तक तू माझ्यापुढे धरलेलं असायचं आणि टेबलाच्या पलीकडे भाजी निवडत बसलेली आजी चष्म्यावरून बघून म्हणायची, "गणितात एकसष्ट?" तुला वाटायचं आजीला जादू येते. बाबांचा पेपरही ती तसाच वाचायची, त्यांच्या समोर बसून, उलटा. आणि बाबांच्या आधी संपवायची. हे तिला कुठून आलं ते तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. मलाही तुकड्यातुकड्यांनीच कळलं.

आजीचं लग्न १९५७ सालचं, नारायण पेठेतल्या वाड्यात. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, नळ चौकात. आजोबा शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मग त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं. तेव्हा आजी तेवीस वर्षांची, आत्या दीड वर्षाची. आजोबा कामावर. गल्लीत ओरडा झाला, धरण फुटलं, निघा! आधी कुणाला खरं वाटेना. आजीच्या परातीत भिजवलेली कणीक होती, निम्म्या पोळ्या झाल्या होत्या. तिनं आत्याला पदरानं पाठीशी बांधलं, एका हातात पणजीचा हात धरला आणि दुसऱ्या हातात घेतला पोळ्यांचा डबा.

पाटल्या ट्रंकेत राहिल्या. लग्नातल्या दोन पाटल्या, माहेरच्या. हे सांगताना ती कधी हळहळली नाही, चिडायची. "अक्कल कुठं गेली होती माझी! डबा काखेत मारला असता तर ट्रंक उघडायला हात रिकामा होता की." साठ वर्षांनंतरही ती त्या डब्याचं आणि हाताचं गणित मांडायची. पर्वतीच्या पायथ्याशी गर्दीत बसून तिनं पोळ्या वाटल्या. चौदा होत्या. पणजीला, आत्याला, आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या तीन पोरांना. आजोबा रात्री उशिरा सापडले, त्यांच्यासाठी दोन राखून ठेवलेल्या होत्या. लोक काल या पोळ्यांबद्दल फार भरून बोलले. पाटल्यांबद्दल कुणी बोललं नाही. मला दोन्ही महत्त्वाचं वाटतं.

पाणी उतरल्यावर वाडा नव्हताच. मातीच्या भिंती, त्या विरघळल्या. चिखलात हात घालून दोन दिवस शोधलं तेव्हा पितळी खलबत्ता तेवढा हाताला लागला. ट्रंक नाही, पाटल्या नाहीत, खलबत्ता. "जड होता म्हणून राहिला," एवढंच म्हणायची.

आणि पाणी. घरात नळ असताना आजी रोज हंडा, कळशी, तीन पातेली, बादली का भरून ठेवते म्हणून तू आणि बाबा तिला हसायचात. पूर येऊन गेला, आणि नंतर नळ कोरडे. खडकवासलाच फुटलं, तर पुण्याला पाणी देणार कुठून? पेठांमधल्या विहिरी, आड पुन्हा उपसले. अंगावर चिखल, डोळ्यांपुढे सगळा गाळ आणि प्यायला पाणी नाही, हे जिनं तेविसाव्या वर्षी बघितलं ती भांडी भरणारच. मात्र सकाळी ते शिळं पाणी मोरीत ओतलेलं तिला चालायचं नाही. कुंड्यांना घालायचं. आपल्या मोगऱ्याला इतकी फुलं का यायची ते आता बघ.

पूरग्रस्त म्हणून ते गोखलेनगरला आले. तेव्हा हे गावाबाहेर. आज सेनापती बापट रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, पण तेव्हा चतुःशृंगीचा डोंगर आणि माळ. नवरात्रात जत्रेला जायला मात्र सोयीचं, असं आजी म्हणायची. कशातही सोय शोधायची सवय.

आता छापखान्याकडे येते. आजोबांच्या छापखान्यातही पाणी शिरलं होतं. तू शिशाचे खिळे बघितलेले नाहीस. एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा, आणि ते ठेवायला लाकडी केशी, केशीत लहान लहान घरं. इंग्रजीला घरं थोडी, आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, त्यामुळे घरंच घरं. त्या सगळ्या केशी उलथून खिळ्यांचा आणि गाळाचा एक लगदा झालेला. नवीन टाइप घ्यायला मालकाकडे पैसे नव्हते. मग धुवा, वाळवा, आणि हजारो खिळे एकेक करून ज्याच्या त्याच्या घरात टाका. या कामाला माणसं हवी होती. आजोबांनी घरी सांगितलं, आजी म्हणाली मी येते.

सातवी पास बाई. गोखलेनगरहून नारायण पेठ, शनिवार पेठ पायी, लकडी पुलावरून. आत्या पणजीजवळ. पहिले काही दिवस तिला घ आणि ध मध्ये गोंधळ व्हायचा, कारण खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं. मग सरावली. खिळे लावून संपले तरी तिला काढलं नाही. छपाई झाली की फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेली पानं, सोडून खिळे परत घरात टाकायचं काम तिच्याकडे आलं, पुढे स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या पट्टीत, ओळी जुळवायचंही. स्टिकमध्ये ओळ डोक्यावर उभी असते, ती तशीच वाचावी लागते. उलटं वाचणं ते तिथलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, एखादा दिवाळी अंक. आजोबांपेक्षा आपल्या चुका कमी निघायच्या, असं तिचं म्हणणं. आजोबांना मी विचारलं होतं. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

चार वर्षं केलं तिनं ते. पगार आजोबांच्या हातात मिळायचा, दोघांचा मिळून. १९६५ मध्ये बाबा झाले आणि पणजी म्हणाली, आता पुरे. त्यावर घरात भांडण झालं नाही, चर्चाही झाली नाही. आजी दुसऱ्या दिवशी गेली नाही, बस्स.

हे मला तिनं कधी सांगितलं ते ऐक. १९९८ चा पावसाळा. तू दहा महिन्यांची, दर पंधरा दिवसांनी छाती भरायची. माझी बँकेतली बदली लांबच्या शाखेत झालेली, घरी यायला आठ वाजायचे. एका रात्री तुला वाफ देऊन झोपवलं आणि मी या टेबलाशी बसून राजीनामा लिहायला घेतला. समोर आजी मेथी निवडत होती. मी कागदावर हातही धरला नव्हता, म्हटलं यांना काय दिसणार इतक्या लांबून. "वैयक्तिक कारणास्तव" इथपर्यंत आले आणि आजी मान वर न करता म्हणाली, "कारणास्तवमधला स्त पोटफोड्या नाही, अर्धा स काढ नीट."

मी गप्प. ती मेथीची देठं एका बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "मी वाचलंय सगळं. ठेव तो पर्समध्ये. लागला तर देशील." आणि थोड्या वेळानं, "मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. मला वाटलं कुणीतरी बोलवायला येईल."

एवढंच. पुढं विचारलं तर म्हणाली, भाजी धू, पाणी जाईल.

तो कागद मी दिला नाही. तुला तिनं सांभाळलं. आता तू म्हणशील, बघ, म्हणजे त्यागच. थांब जरा. फुकट नाही सांभाळलं. रोज साडेअकराला बँकेत फोन यायचा आणि मला सगळ्यांसमोर तुझ्या शीचा रंग ऐकावा लागायचा. रविवारी माझ्या पोळ्या बघून, "बँकेत लाटायला शिकवत नाहीत वाटतं." तुला पाळणाघरात चार तास ठेवू म्हटलं तर आठवडाभर माझ्याशी भिंतीकडे बघून बोलत होती. घर तिचं होतं, मनू. कोण किती वाजता जेवणार, कुणाच्या लग्नात किती आहेर, कुणाशी बोलणं सोडायचं आणि कुणाशी पुन्हा धरायचं, सगळं तिच्याकडून निघायचं. झिजलेली माणसं असं राज्य करत नाहीत.

एक गोष्ट मी तिला बरीच वर्षं माफ केली नव्हती, तीही लिहून टाकते. साताऱ्याला माझ्या अण्णांना दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा इथे आत्याच्या मुलाची मुंज. आजी म्हणाली, "दोन दिवसांनी जा, घरचं कार्य आहे." मी राहिले. अण्णा बरे झाले, पण त्या दोन दिवसांत मी पंक्तीत जिलबी वाढत होते ते मला अजून आठवतं. तिच्या लेखी घर म्हणजे हे घर. माझं घर तिला दिसायचंच नाही. त्याबद्दल ती कधी चुकले म्हणाली नाही. पण पुढच्या वर्षी अण्णांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आणलं, तेव्हा ती स्वतःची खोली देऊन महिनाभर हॉलमध्ये झोपली, आणि अण्णांना रोज पेपर वाचून दाखवायची. सुलटा. माझा राग त्यानं गेला नाही. कमी झाला एवढंच.

आणि तू विचारलंस ते. स्वतःसाठी. २००९ किंवा १० असेल, मला बँकेच्या कामानं दुपारी लक्ष्मी रोडला जावं लागलं. काम लवकर आटोपलं म्हणून तुळशीबागेत तुझ्यासाठी क्लिपा घ्यायला शिरले. राममंदिराच्या पायरीवर आजी बसलेली. घरी ती दुपारी झोपते असं आम्हा सगळ्यांना ठाऊक. चपला बाजूला, मांडीवर पिशवी, आणि हातात तिखटमीठ लावलेला पेरू. दात नव्हते धड, तरी कडेकडेनं कुरतडत होती. समोर एक माणूस पेपर वाचत बसला होता आणि आजी पेरू खात त्याच्या पेपराची पलीकडची बाजू वाचत होती. त्यानं पान उलटलं तर तिचा चेहरा असा झाला, की हिचं अजून व्हायचं होतं.

मी हाक मारली नाही. क्लिपाही न घेता परत फिरले. संध्याकाळी घरी आले तर ती म्हणाली, "आज डोळा फार लागला बाई दुपारी." मी म्हटलं, लागू दे की. नंतर माझ्या लक्षात आलं, दर बुधवारी तिचा डोळा जास्त लागायचा. बाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. चौदा वर्षं ठेवलंय.

इथली बाकी खबर: अस्थी आळंदीला इंद्रायणीत सोडल्या. आत्या अजून आठ दिवस आहे. आजीची नऊवारी दोन पातळं तिनं घेतली, एक तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय, मऊ झालेलं, दुलई करायला देते. हंडा-कळशी मी काल रात्री भरली. सवयीनं नव्हे, आत्यानं आठवण केली म्हणून.

खुर्च्या सापडल्या. गच्चीत होत्या. परवा वरती कोण बसलं होतं त्याचा शोध आता बाबा करतायत.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई

ता. क. खलबत्ता कुणी मागितला नाही. तुझ्याकडे पाठवावा म्हणून कुरियरवाल्याला विचारलं, तर तो वजनकाट्यावर ठेवून म्हणाला, "मॅडम, याच्या भाड्यात तिकडे मिक्सर येईल." मी परत आणला. एप्रिलमध्ये येशील तेव्हा बॅगेत जागा ठेव.