माकडतापाचा नकाशा आमची पोरं करू शकतात, त्यांना एकत्र काम करू द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी सिंधुदुर्गात इंजिनिअरिंगच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवतो, फायनल इयरचे प्रोजेक्ट गाईड करतो आणि हे पत्र त्या प्रोजेक्टांबद्दलच आहे. दरवर्षी राज्यभरातली पोरं प्रोजेक्ट करतात, ब्लॅक बुक म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल बाइंड करून आणतात, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा होते आणि ते बुक डिपार्टमेंटच्या कपाटात जातं. त्यातली काही कामं खरंच चांगली असतात हो, पण एकाच विषयाच्या आत अडकलेली असल्यामुळे पुढे कुणाच्या उपयोगाला येत नाहीत. माझी मागणी एकच आहे. मेडिकलचा, रिमोट सेन्सिंगचा (उपग्रहाच्या फोटोंवरून जमिनीचा अभ्यास करणारा) आणि कॉम्प्युटरचा विद्यार्थी मिळून एक प्रोजेक्ट करू शकेल, अधिकृतपणे, तिघांनाही आपापल्या विद्यापीठाचे मार्क मिळून, अशी सोय सरकारने करून द्यावी.

उदाहरण आमच्या दारातलंच देतो. माकडताप. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी म्हणतात तो. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, आसपासची माणसं तापाने आजारी पडली आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने), तो व्हायरस शोधून काढला. त्यानंतर कितीतरी वर्षं हा रोग तिकडचाच समजला जायचा. मग २०१५ ला गोव्यात सत्तरी तालुक्यात पेशंट सापडले, २०१६ ला आमच्या दोडामार्गात, पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. हा रोग गोचिडीच्या चावण्यातून होतो, शंभर पेशंटमागे तीन ते पाच दगावतात असं डॉक्टर सांगतात, आणि सीझन म्हणाल तर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. लोकांना बागेत जाऊ नका असं सांगून भागत नाही साहेब, वर्षाचा पैसा त्याच दिवसांत हातात येतो. मग निदान कुठली वाडी, कुठला पट्टा जास्त धोक्याचा आहे ते आधी कळलं तर अंगाला लावायचं गोचीडरोधक तेल, तपासणी, आशाताईंच्या फेऱ्या, सगळं तिथे आधी नेता येईल.

आता हा नकाशा कसा करायचा ते बघा, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो कुणालाही फुकट मिळतात. पहिला २०१५ ला गेला, दुसरा २०१७ ला, आणि तेव्हापासून साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेचा नवा फोटो मिळतो, १० मीटरच्या बारकाईने. पावसात ढगांमुळे कोकणातलं काही दिसत नाही हे खरं, पण माकडतापाचा सीझनच कोरडा असतो, त्या महिन्यांत आकाश मोकळं असतं. म्हणजे हवे तेव्हाचे फोटो आहेत. जंगल कुठलं आणि बाग कुठली हे त्यांतून आधी वेगळं काढायला लागतं, पण वरून दोडामार्ग बघितलं तर सगळं हिरवंच. जंगल हिरवं, काजू हिरवा, रबर हिरवा. माझ्या कॉम्प्युटरच्या पोराला हे तिन्ही एकच वाटतं, तो मॉडेल ट्रेन करतो, म्हणजे नमुने दाखवून कॉम्प्युटरला ओळखायला शिकवतो, आणि ते गोंधळतं. भूगोलाची किंवा रिमोट सेन्सिंगची पोरगी मात्र सांगते की एक फोटो बघू नकोस, महिन्यामहिन्याचे लावून बघ, कारण रबर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान पानं गाळतो आणि काजू गाळत नाही, त्यामुळे त्या दिवसांत रबराच्या बागेचा हिरवा सिग्नल खाली पडतो आणि परत वर येतो. एवढं एक वाक्य कळलं की पोराचं मॉडेल कामाला लागतं.

उलट बाजूने कॉम्प्युटरवाल्याकडे पण सांगण्यासारखं असतं. नकाशा बरोबर आला की नाही हे तपासताना फोटोतले शेजारशेजारचे पिक्सेल (ठिपके) काही ट्रेनिंगला आणि काही टेस्टिंगला घेतले तर ॲक्युरसी छान दिसते, कारण शेजारचा पिक्सेल जवळपास सारखाच असतो, मॉडेलने उत्तर आधीच पाहिलेलं असतं. खरी परीक्षा घ्यायची तर अख्खी गावंच्या गावं बाजूला ठेवायला लागतात, जी मॉडेलने कधी बघितलेलीच नाहीत. ही चूक छापून आलेल्या पेपरांत पण सापडते, आणि ती पकडायला सेकंड किंवा थर्ड इयरचा चांगला पोरगा पुरतो.

आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा, मेडिकलचा. हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये पेशंटचा पत्ता असतो तो घराचा. गोचीड चावली ती घरात नाही, ती चावली दोन-तीन किलोमीटर लांब बागेत, किंवा जंगलात लाकडं आणायला गेला तिथे. घराच्या पत्त्यावर टिंब टाकून नकाशा केला तर तो कितीही सुंदर दिसला तरी चुकीचा. पेशंटच्या शेजारी बसून मागच्या आठवड्यात कुठे कुठे गेला होतात, कुठल्या वाटेने गेलात, गुरं कुठे चरतात, हे विचारायला लागतं आणि ते शिकलेला असतो मेडिकलचा विद्यार्थी, कम्युनिटी मेडिसिनमध्ये. शिवाय जिथे आरोग्य केंद्र जवळ आहे तिथे तपासण्या जास्त होतात म्हणून पेशंट जास्त दिसतात, हेसुद्धा तोच ओळखतो. माझ्या पोरांना हे सुचणं शक्य नाही आणि त्यात त्यांचा दोष पण नाही.

असा प्रयत्न माझ्या एका ग्रुपने केला होता. त्यातल्या एकाचा शाळेतला मित्र एमबीबीएसला होता, कुठल्या कॉलेजात ते महत्त्वाचं नाही. मित्राची तयारी होती पण त्याच्या अभ्यासक्रमात या कामाला जागा नाही, मार्क नाहीत, सही करायला गाईड नाही. डेटासाठी पत्र दिलं तर उत्तर आलं की एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटवरचं संशोधन योग्य रीतीने होतं का ते बघणाऱ्या समितीची, परवानगी आणा. बरोबरच आहे ते, पेशंटची माहिती अशी कुणालाही देऊच नये. पण इंजिनिअरिंग कॉलेजात एथिक्स कमिटी नसते आणि मेडिकल कॉलेजची कमिटी बाहेरच्या पोरांचा अर्ज कुणाच्या नावाने घेणार? पत्रं इकडून तिकडे फिरली, तोवर सेमिस्टर संपत आलं. शेवटी त्या ग्रुपने इंटरनेटवरून पानांवरच्या रोगांचा रेडीमेड डेटासेट उतरवला, त्याच्यावर मॉडेल चालवलं आणि मार्क घेतले. मार्क चांगले पडले. त्या पोरांचे चेहरे मला अजून आठवतात, कारण त्यांना ते करायचं नव्हतं.

हे असं का होतं? कुणी वाईट आहे म्हणून नाही. १९९८ च्या आधी मेडिकल कॉलेजं मुंबई, पुणे, नागपूर अशा नेहमीच्या विद्यापीठांतच होती, मग नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि सगळं वैद्यकीय शिक्षण तिकडे गेलं. परीक्षा, अभ्यासक्रम या दृष्टीने ते योग्यच असेल. पण त्यामुळे एकाच जिल्ह्यातलं मेडिकल कॉलेज आणि इंजिनिअरिंग कॉलेज वेगवेगळ्या विद्यापीठांत गेली, आणि मंत्रालयात तर त्यांचे विभागही वेगळे. इंजिनिअरिंग तुमच्याकडे, मेडिकल वैद्यकीय शिक्षणाकडे, रोगांचे आकडे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, आणि उपग्रहाचं काम बघणारं नागपूरचं एमआरसॅक (राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र), जे १९८८ पासून आहे, ते नियोजन विभागाकडे. एकवीस वर्षांच्या पोराने चार विभागांचे दरवाजे ठोठवायचे? २०२१ ला सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, वाटलं आता हे सगळं जवळ आलं. अंतर कमी झालं खरं, बाकी काही बदललं नाही.

गंमत म्हणून नाही, खरंच विचार करण्यासारखं म्हणून सांगतो. आज उपग्रहाच्या फोटोतून घरं, तळी, शेतं वेगळी काढायला जगभर जे यू-नेट नावाचं मॉडेल वापरतात ते २०१५ ला जर्मनीत फ्रायबर्ग विद्यापीठात तयार झालं, आणि ते केलं होतं मायक्रोस्कोपखालच्या पेशी ओळखायला. म्हणजे मूळ काम मेडिकलचं, वापर झाला रिमोट सेन्सिंगमध्ये. फोटोतला एक भाग दुसऱ्यापासून वेगळा काढायचा, मग तो पेशीचा असो की काजूच्या बागेचा, गणित तेच आहे. ही माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा कामं पुढे जातात.

आणि आपल्या पोरांना झेपेल का ही शंका मनात असेल तर पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा 'स्वयम्' आठवा. विद्यार्थ्यांनी बनवलेला साधारण एक किलोचा उपग्रह, २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३४ रॉकेटवरून वर गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला. हे एका वर्षात झालेलं नाही. 'स्वयम्'चं काम २००८ च्या सुमारास सुरू झालं होतं, एक बॅच पास होऊन गेली की पुढच्या बॅचने काम हातात घेतलं, असं करत करत ते पूर्ण झालं. आमच्याकडे नेमकं हेच होत नाही, मे महिन्यात प्रोजेक्ट संपतो म्हणजे संपतोच, जुलैत नवी पोरं शून्यापासून सुरू करतात.

मग काय करता येईल? तुमच्या विभागाने वैद्यकीय शिक्षण विभागाबरोबर बसून एक जीआर (शासन निर्णय) काढावा की मुंबई विद्यापीठ (आणि बाकीची पण) आणि नाशिकचं विद्यापीठ यांच्यात संयुक्त विद्यार्थी प्रोजेक्ट चालेल, दोन्हीकडे एकेक गाईड असेल, आणि दोन्हीकडे त्याचे क्रेडिट धरले जातील. नव्या शैक्षणिक धोरणात विषयांच्या भिंती पाडायचं एवढं बोललं जातं, चौथ्या वर्षाला रिसर्च आहे, तर ही जागा तिथे आहेच, फक्त मेडिकलच्या बाजूने दार उघडायला पाहिजे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची योजना १९७९ पासून एमबीबीएसच्या पोरांना दोन महिन्यांचं रिसर्च करायला देते, पण ते काम त्यांच्याच कॉलेजच्या आत होतं, इंजिनिअरिंगचा पोरगा त्यात कुठेच बसत नाही.

एथिक्सचं काम जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजच्या कमिटीकडेच द्या, पण इंजिनिअरिंग आणि सायन्स कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे अर्ज तिने घ्यावेत आणि ठरलेल्या मुदतीत हो की नाही ते सांगावं असं लिहून द्या. नाही म्हटलं तरी चालेल, पण सप्टेंबरपर्यंत कळू दे. डेटा देताना नाव, फोन, घर नंबर काही नको, फक्त गाव आणि आठवडा आणि आकडा. त्यातही एक गोष्ट मी स्वतःहून सांगतो, छोट्या वाडीत एकच पेशंट असेल तर आकड्यावरूनसुद्धा माणूस ओळखू येतो, म्हणून असे आकडे मोठ्या क्षेत्रात मिसळूनच द्यावेत. पोरांना हे आधी शिकवायला लागेल आणि ते शिकवायची माझी आणि माझ्यासारख्या अनेक शिक्षकांची तयारी आहे. आमच्या भागातले सिरियस पेशंट गोव्याला बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) जातात, तेव्हा गोवा सरकारशी पण यावर बोलणं व्हायला हवं, नाहीतर काही नोंदी पलीकडेच राहतील.

एमआरसॅककडे जमीनवापराचे नकाशे आहेत, गावांच्या हद्दी आहेत. विद्यार्थ्याला कॉलेजच्या पत्रावर ते फुकट आणि लवकर मिळावेत. कॉम्प्युटरच्या ताकदीचं म्हणाल तर ती आपल्या राज्यात आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे, त्यातले काही तास ग्रामीण कॉलेजांच्या प्रोजेक्टांना मिळवून देता आले तर बघा, पण खरं सांगू का, आमच्या या कामाला तेवढी ताकद लागत पण नाही, साधा एक जीपीयू (मॉडेल चालवायची कॉम्प्युटरमधली चिप) चालतो. अडलंय ते परवानगीपाशी.

आविष्कार या राज्यातल्या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेबद्दल पण एक बोलायचंय. २००६ पासून ती चालू आहे आणि लहान गावातल्या पोरांना तिने खूप दिलंय, माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिलंय. पण इंजिनिअरिंग एक विभाग, मेडिसिन-फार्मसी दुसरा, प्युअर सायन्स तिसरा, शेती अजून वेगळा, अशी तिची रचना वर्षानुवर्षं राहिली. माकडतापाचा नकाशा कुठे टाकायचा? इंजिनिअरिंगमध्ये टाकला तर परीक्षक अल्गोरिदम नवीन काय ते विचारतात, मेडिसिनमध्ये टाकला तर पेशंट किती ते विचारतात. अशा कामांसमोर तिन्ही विषयांचे परीक्षक एकत्र बसवा, एवढं केलं तरी पुष्कळ आहे. आणि कृपा करून पेपर छापला की मार्क असा नियम कुठे वाढवू नका, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सना त्यातून गिऱ्हाईक मिळतं, पोरांच्या बापाचे पैसे जातात आणि काम तिथल्या तिथेच राहतं. त्यापेक्षा पुढच्या बॅचला वापरता येईल असा डेटा आणि कोड मागे ठेवला का, याला मार्क द्या.

सुरुवात अख्ख्या राज्यात करायची गरज नाही. सिंधुदुर्गात माकडताप घ्या, विदर्भात स्क्रब टायफस घ्या, २०१८ ला नागपूरच्या बाजूला त्याने माणसं दगावली होती आणि तो पण झाडाझुडपातल्या चिगर माइट नावाच्या बारीक किड्यांतून होणारा रोग, म्हणजे तिथे पण जमीन, पेशंट आणि कॉम्प्युटर तिन्ही लागणारच. दोन जिल्हे, दोन रोग, दोन वर्षं. दुसऱ्या वर्षीची बॅच पहिल्या वर्षीचं काम पुढे नेते की नाही ते तपासा आणि मग बाकीच्या जिल्ह्यांचं ठरवा.

आमच्याकडे प्रोजेक्टचे ग्रुप आणि विषय जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात. जीआर त्याच्या आधी निघाला तर डिसेंबरला, गोचिडीचा सीझन सुरू होताना, पोरं मेडिकलच्या मित्रांबरोबर वाड्यांवर जाऊ शकतील. उशीर झाला तर आणखी एक सीझन जाईल. विषय मांडायला मंत्रालयात बोलावलंत तर मी येईन, पण त्यापेक्षा चांगलं म्हणजे तुमच्या विभागाचे आणि वैद्यकीय शिक्षण विभागाचे अधिकारी एकदा इकडे पाठवा, दोन्ही कॉलेजांच्या पोरांना एका खोलीत बसवून त्यांच्याशी बोलू दे.

आपला,
सिंधुदुर्गातला एक कॉम्प्युटरचा शिक्षक