वळणे काढा, पण आधी आमचे बांध मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या पंचगंगेची वळणे काढून पात्र सरळ आणि खोल केले की महापूर संपला, असे सांगणारा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकांचा अभ्यास दांडगा असणार, त्याबद्दल आदरच आहे. फक्त वळणाच्या बाहेरच्या काठावर त्यांचे चार गुंठे रान असते, तर लेख जरा आखूड झाला असता. आमचे रान तिथेच आहे, प्रयाग संगमाच्या खालच्या अंगाला.

वळणावर धारेचा सगळा जोर बाहेरच्या काठाला बसतो. पाणी बुडातली माती पोखरते, वरचा काठ नुसता लोंबकळत राहतो आणि पूर ओसरू लागला की अंगात मुरलेल्या पाण्यासकट खाली बसतो. भर पुरात काठ शाबूत दिसतो, जातो तो नंतर. तीच माती पुढे पाणी संथ झाले की दुसऱ्या कुणाच्या तरी मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, जाऊन पडते. त्याचा ऊस जोरात येतो. येऊ दे बापडा. आजोबांनी इंजिनासाठी बांधलेला चौथरा आज पात्रात आहे, उन्हाळ्यात पाणी उतरले की दिसतो.

नदीवर माझा राग नाही, राग आहे सातबाऱ्यावर. त्यावर क्षेत्र आजोबांच्या वेळचेच. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात वाहून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करायची तरतूद आहे, पण जमीन अर्ध्या एकरापेक्षा कमी नसावी. अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, “एकदम गेली का थोडी थोडी?” आता नदीला काय सांगायचे, बाई, एकदाच काय तो घास घे? पावसाळ्यात म्हणतात पाणी उतरल्यावर या, उतरल्यावर गेलो की मोजणीदार दुसरीकडे. साऱ्याचे पैसे किरकोळ आहेत हो, पण पाण्यात गेलेल्या रानाचे मालक म्हणून कागदावर मिरवायची हौस नाही.

राहिला लेखाचा मुद्दा. नदी सरळ केली की तेवढाच उतार कमी अंतरात येणार, धार वाढणार आणि काठ जास्तच तुटणार. मोकळे सोडले तर काही वर्षांत ती पुन्हा वळणे घेणारच. आपल्याकडचे पाणी लवकर पुढे गेले, तर खालच्या अंगाच्या शिरोळकरांनी काय करायचे? शिवाय पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नरसोबावाडीला कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेच्या पाण्याला मागे फूग येते, तेव्हा इथे पात्र कितीही खोल करा, पाणी पुढे सरकत नाही. खणलेला खड्डा गाळाने भरतो तो वेगळाच. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठे कुठे चढले ते सगळ्यांनी पाहिले आहे. ते चढले ती जागा नदीचीच, तिनेच गाळ टाकून केलेली. तिथे भराव कुणी घातले, प्लॉट कुणी पाडले, यावर लेखात एक ओळ नाही. लेखकांना जागा कमी पडली असेल.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की तुम्ही इशारा छापता, ४३ ला धोका. चांगले करता. तसेच पाणी उतरल्यावर किती काठ तुटला, हेही कधी छापून बघा.

आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र पंचगंगेचे नाही. तशी पांढऱ्या वाळूची रुंद चौपाटी आमच्या नदीला नाही, सह्याद्रीच्या काळ्या दगडाची झीज होऊन आलेली काळी मळी आमच्या काठाला असते. निदान चित्र तरी इकडचे घ्या. शिवाजी पुलावर माणूस पाठवला तर पाच मिनिटांचे काम आहे.

आपला,
एक काठकरी शेतकरी,
प्रयाग चिखली, ता. करवीर