मुखत्यारपत्राची नोंदणी सक्तीचीच हवी

१९०८ च्या नोंदणी कायद्याची जागा घेऊ पाहणाऱ्या 'नोंदणी विधेयक, २०२५' च्या मसुद्याविषयी आपल्या अंकातील लेख वाचला. स्थावर मिळकतीच्या विक्रीचे अधिकार देणाऱ्या कुलमुखत्यारपत्राची नोंदणी सक्तीची करण्याच्या त्यातील तरतुदीला माझा मनापासून पाठिंबा आहे. केवळ मुखत्यारपत्र व साठेखताच्या (पुढे विक्री करण्याच्या कराराच्या) आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले. तरीही पुण्याच्या हद्दीलगतच्या गावांत गुंठ्यांचे व्यवहार अशाच कागदांवर होत राहिले आणि त्यांत आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्यांच्या हाती सातबारावर नाव नसलेली जमीन आली. खरेदीदार शोध घेतो तो 'सूची क्रमांक दोन'मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या मिळकतनिहाय सूचीत, आणि जो दस्त नोंदवलाच गेला नाही तो तेथे दिसणार कसा? मात्र दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची ग्वाही देत नाही. ही मर्यादा नव्या कायद्यानेही संपणार नाही. खातरजमा खरेदीदारालाच करावी लागणार, म्हणून मुखत्यारपत्र रद्द झाल्याची नोंदही त्याच सूचीत मूळ दस्तासमोर दिसेल, अशी स्पष्ट तरतूद केंद्र सरकारने अंतिम विधेयकात करावी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे