वय आजींचं खरं धरायचं की आधारचं? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, याचा मराठवाड्यातल्या आमच्यासारख्यांना मनापासून आनंद आहे. तालुक्याच्या दवाखान्यात जायला, लेकीच्या गावाला जायला म्हाताऱ्या माणसांना आता कुणापुढे हात पसरावा लागत नाही. ही योजना चालू राहावी म्हणूनच हे पत्र.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. १९४८ साली पोलीस अॅक्शनच्या आधी रझाकारांच्या भीतीने गाव रातोरात रानात गेलं, तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या. "मला काय कळतंय, पण माय सांगायची," असं त्या म्हणतात. म्हणजे पंच्याहत्तरी केव्हाच उलटली. पण आधारवर जन्मतारीख आहे ०१/०१/१९५४. गावात नोंदणीचा कॅम्प लागला होता. तिथल्या मुलाने तोंडाकडे बघून वय विचारलं, आजी म्हणाल्या, "टाक बाबा साठीच्या आतबाहेर." त्यानं टाकलं. त्यांच्या थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर १९६६ साल आहे. कागद खरे मानले, तर आजी बाराव्या वर्षी आई झाल्या!

कंडक्टर आधार बघतो आणि पासष्टीपुढच्यांचं असतं तसं अर्धं तिकीट फाडतो. त्याला बोल लावता येत नाही. वाटेत लाइन चेकिंग झालं आणि शून्य रकमेचं तिकीट चुकीचं निघालं, तर मेमो त्याच्या हातात पडणार. आजींना निदान अर्धं तरी मिळतं. सत्तरीच्या म्हाताऱ्याचं वय आधारवर साठ पडलं असेल, तर त्याला पूर्ण तिकीट मोजावं लागतं.

साहेब, जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. आज पंच्याहत्तरी पार केलेला प्रत्येक माणूस त्याच्या कितीतरी आधी जन्मलेला. त्यातही निजामाच्या राज्यात, तांड्यावर, वस्तीवर, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांच्या जन्माची नोंद कुठे सापडणार? जुन्या आधार कार्डांवर एक जानेवारीला जन्मलेली म्हातारी माणसं गावागावांत आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या निकालात सांगितलं, की आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही. दुरुस्ती करून घ्या म्हणणं सोपं आहे. त्यासाठी जन्मतारखेचा कागदी पुरावा लागतो, आणि इतक्या वर्षांनी जन्माची नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. गुडघे धरून चालणाऱ्या बाईने तहसीलच्या किती फेऱ्या मारायच्या, आणि त्या फेऱ्यांचं तिकीट कुणी काढायचं?

उपाय शासनाच्याच दुसऱ्या खात्यात आहे. म्हाताऱ्या माणसांना पेन्शन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेत वयासाठी जन्माचा उतारा किंवा शाळेचा दाखला नसेल, तर शिधापत्रिकेवरचं किंवा मतदार यादीतलं वय चालतं, नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. पेन्शनसाठी ज्या डॉक्टरांच्या सहीवर शासन विश्वास ठेवतं, त्याच सहीवर एसटीने का ठेवू नये? एसटीच्या ओळखपत्रांत तहसीलदारांनी ज्येष्ठांना दिलेलं ओळखपत्रही धरलं जातं. तेच ओळखपत्र श्रावणबाळच्या पुराव्यांवर द्यावं, सोबत थोरल्या अपत्याच्या शाळेचा दाखला जोडायची मुभा असावी, आणि आधारवरची तारीख वेगळी असली तरी कंडक्टरने हेच कार्ड ग्राह्य धरावं, असा स्पष्ट आदेश निघावा. महसूल आणि आरोग्य खात्याशी बोलून तालुक्याच्या आगारात महिन्यातून एक दिवस शिबिर लावता येईल. बाजाराच्या दिवशी लावलंत तर म्हातारी माणसं वेगळा हेलपाटा न घालता येतील.

गैरफायद्याची शंका रास्त आहे. खाडाखोड केलेली आधार कार्डं दाखवून फुकट फिरणारे आम्हीही पाहिलेत. पण डॉक्टरांचा शिक्का आणि तहसीलची नोंद असलेलं कार्ड झेरॉक्सच्या दुकानात बनत नाही, त्यामुळे असल्या लोकांना आळाच बसेल. आणि हे कार्ड आलं की कंडक्टरच्या डोक्यावरचा ताणही उतरेल. रोज दारात उभं राहून कुणाच्या वयाचा वाद त्याने का घालावा?

आधी मराठवाड्यातल्या एखाद्या आगारात सुरू करून बघा. आमच्या तालुक्यात केलंत, तर शिबिरात अर्ज भरून द्यायला आम्ही गावातली मुलं येऊ.

आपला विश्वासू,
मराठवाड्यातला एक एसटी प्रवासी