वहिनीचं काम घे

सोलापूर

प्रिय मंजे,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तणतणलीस, "मालिकेत घरं फोडणारी वहिनी करायला का मी मुंबईला आले?" तेव्हा मी गप्प बसले. बोलण्यात तुझ्यापुढं कुणाचं चालतंय? म्हणून लिहितेय. अगं, घे ते काम.

सिनेमातली शशिकला आठव. जवळकरांची पोर, 1932 साली आपल्याच सोलापुरात जन्मलेली. वडिलांचा धंदा बुडाला आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. 1945च्या 'झीनत'मध्ये कव्वालीला बसलेल्या बायकांत ती होती, 25 रुपयांवर. नंतर बरीच वर्षं पडेल ते काम. 1962 साली 'आरती'त मीनाकुमारीची खाष्ट जाऊ झाली, पुढच्याच वर्षी 'गुमराह'मध्ये माला सिन्हाला ब्लॅकमेल करणारी बाई. दोन्हींना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर!

'गुमराह' परत बघ. धमकी देताना ती कधी गोड हसते बघ, आणि ते हसू किती वेळ तसंच ठेवते तेही बघ. मालिकेतल्या वहिन्या डोळे वटारतात, मागं ढोल वाजतो, कॅमेरा तीनदा तोंडावर येतो. तिला हे काहीच लागलं नाही. आमची आजी टीव्हीसमोर बसून तिच्या नावानं बोटं मोडायची. एकदा तिचा 'अनुपमा' सिनेमा लागला. त्यातली हसरी, अवखळ मैत्रीण बघून आजी म्हणाली, "ही ती सटवी नव्हं." पटवता पटवता आमच्या नाकी नऊ आले!

शिक्का बसतो, हे मात्र तुझं खरं. तिच्यावरही बसलाच. 'अनुपमा'सारखी कामं तिला अजून मिळायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं. मधे ती सगळं सोडून कोलकात्याला मदर तेरेसांच्या संस्थेत सेवेला गेली. परत आली ती 'सोनपरी'सारख्या मालिकांत आजी म्हणून. 2007ला पद्मश्री. 2021च्या एप्रिलमध्ये गेली, तेव्हा आपल्या गावात किती जणांना ती इथली म्हणून ठाऊक होती, कोण जाणे.

आता व्यवहाराचं. पर डे, म्हणजे दिवसाचे पैसे किती, एवढंच विचारून येऊ नकोस. महिन्याला शूटिंगचे किमान किती दिवस देणार, ते करारात लिहून घे. पैसे तीन तीन महिन्यांनी हातात पडतात म्हणतेस, तर भाड्याची सोय आधी बघ. साड्या त्यांच्या की तुझ्या, तेही विचार. नाहीतर वहिनीच्या थाटात तुझंच दिवाळं निघायचं. आणि गोष्टीतला तिचा ट्रॅक संपला की वहिनीला माहेरी धाडतात, म्हणून हातचं नाटक सोडू नकोस.

आईनं शेंगाचटणी करून ठेवलीय, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते. लूक टेस्ट कधी आहे ते कळव, आणि तिथं नाक फेंदारून जाऊ नकोस बाई.

तुझीच,
शालू